कवड्या आणि मण्यार

जाई, पोरी, चूल पेटवायच्या आधी जरा टेक, आणि बुवा कीर्तनात कथा लावतात तशी माझी एवढी गोष्ट ऐक. मी शिराळ्याला कीर्तनाला जातोय, उद्या दुपारच्या गाडीनं येतो. तोंडानं सांगायला बसलो की दुसरंच काहीबाही बोलतो, म्हणून लिहितोय.

काल तू भिंतीवर ठेचलास तो साप कवड्या होता, बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासनंच सुरू होतात नि शेपटीकडं पुसट होतात. मण्यार जहरी, काळीकुळकुळीत, तिचे पांढरे पट्टे शेपटीकडं जास्त ठळक. ज्येष्ठात कणगीमागं मण्यार निघाली, तर तुझी आई म्हणाली, "आवं, आपला कवड्याच हाय," आणि तिला सुपात घ्यायला वाकली. मण्यार चावली तरी आई हसली. "मुंगीगत लागलं," म्हणाली. मग म्हणाली, "लय झोप येतीया." निजली, ती उठलीच नाही.

तू पट्टे बघायला जवळ जाऊ नको. काही दिसलं तर बाहेर ये आणि शेजारच्या मौलाचाचांना हाक मार. अंथरूण जमिनीवर नको, बाजेवरच टाक.

काल रागात तू "आईच येडी होती" म्हणालीस. तसं म्हणू नको गं. बुवा भूतदया सांगतात, मी ती तिच्या हातात पाहिलीय. कवड्याला बांधापर्यंत नेऊन, सूप हळूच टेकवून, "जा बाबा, तुझी बी लेकरं असतील," म्हणायची. देवापुढं दिवा लावशील तेव्हा ती आई आठव.

तुझा आबा