गाडी चुकली त्याच्या पुढचं

कामतघर, भिवंडी
१० फेब्रुवारी १९७५

ती. केसरीनाथमामांस चंद्राचा सा. न. वि. वि.

तुमचा तो सिनेमा अखेर काल पाहिला. इथल्या टॉकीजला रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लावतात. पाटी दिसली आणि ह्यांना ओढूनच नेलं. त्यासारखा हसवणारा सिनेमा दुसरा झाला नाही, असं लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकत आले. मामा, मला एकदाही हसू आलं नाही.

ती मुलगी हुशार, दुसऱ्या शहरात वर्तमानपत्रात नोकरी लागलेली. त्या श्रीमंत हिरोला ती आवडते, म्हणून तो तिचं तिकीट लपवतो, बॅग भलत्याच गाडीत चढवतो, पोलिसाकरवी तिला पाकीटमार म्हणून अडकवतो. ती चिखलात पडते आणि सगळं थिएटर हसतं. शेवटी तीच तिकीट फाडून त्याच्या गळ्यात पडते. का, ते मला कळलं नाही. भाषेची अडचण म्हणाल तर मी शाळेत इंग्रजीच शिकवते. हे डोळे पुसत हसत होते. वाटेत मी चिडले तर म्हणाले, सिनेमा बघायला आलीस की पेपर तपासायला. मागे रात्रपाळी करून आलेले लूमवाले होते. त्यातला एकजण मध्येच म्हणाला, अरे जाने दो ना बेचारी को. त्याला वळून नमस्कार करावासा वाटला.

तुम्हाला यात एवढं काय आवडलं, ते सांगा. रागावलात तरी लोभात काटछाट करू नये.

तुमची
चंद्रा


उरण
१९ फेब्रुवारी १९७५

चि. चंद्रा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. तुम्ही शिकलेल्या मुली सिनेमालाही छडी घेऊन जाता.

अगं, जीव जडला की माणूस असंच वेड्यासारखं करतो. मी नाही का केलं? तुझी मामी टेमघरची पहिली फायनल पास झालेली मुलगी. मास्तरणीच्या ट्रेनिंगला पुण्याला जायची होती. कल्याण स्टेशनापर्यंत पोचवायला शेजारी म्हणून टांगा मीच आणला, टांगेवाल्याला फितवलं आणि अर्ध्या वाटेत चाक निखळल्याचं सोंग केलं. गाडी चुकली. तिचे बाबा म्हणाले, अपशकुन झाला, आता जायचं न्हाय. दोन महिन्यांत आमचं लग्न. प्रत्येक हळदीला ही गोष्ट तूच सांगायला लावतेस आणि पोट धरून हसतेस.

लग्नानंतर तिला मुंबईला तो सिनेमा दाखवला तो याचसाठी. म्हटलं, बघ, साहेबानं आपलीच गोष्ट घेतली. तीही हसली होती. विचार तिला. जावईबापूंना आशीर्वाद, माणूस रसिक दिसतो.

तुझा
केसरीमामा


कामतघर, भिवंडी
२४ फेब्रुवारी १९७५

ती. सौ. जानकीमामीस सा. न. वि. वि.

मामांनी विचार म्हटलं म्हणून विचारते. ती टांग्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली. गाडी चुकली की ती संपते. पुढं तुझं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. आता माझीच मला चीड येते. सिनेमा पाहून तू खरंच हसली होतीस का?

लिहावंसं वाटलं तरच लिही. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
चंद्रा


उरण
१२ मार्च १९७५

चि. सौ. चंद्रास जानकीमामीचे आशीर्वाद.

हसले होते. लग्नाला महिना झालेला, आजूबाजूचे सगळे हसत होते आणि तुझे मामा पडदा सोडून माझ्या तोंडाकडं पाहत होते. न हसून कुठं जाणार?

पुढचं असं. तीन दिवसांनी मी कुणाला न सांगता ट्रेनिंग कॉलेजच्या बाईंना पत्र टाकलं, की गाडी चुकली, जागा ठेवा, मी एकटी येते. जागा दुसऱ्या मुलीला दिली, असं उत्तर आलं. ते चुलीत घातलं. चाक निखळलं नव्हतं हे मला लग्नानंतर कळलं, तेही चारचौघांत, गंमत म्हणून. तुझ्या मामांनी मला काही कमी केलं नाही, हेही खरं. पण एकोणतीस वर्षं तीच गोष्ट ऐकून कान किटले.

परवा तुळशीरामभाऊजींच्या मुलीच्या साखरपुड्यात यांनी पुन्हा ती सुरू केली. मी म्हटलं, आता पुढचं पण सांगा. हे म्हणाले, पुढचं काय, लग्न झालं. मग मीच सांगितलं. कोणी हसलं नाही. मुलीची आई सीताबाई उगाच भांडी आवरायला लागली. तेव्हापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत. मला हलकं वाटायला हवं होतं. तसंही वाटत नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. येऊन जा.

तुझी
मामी


उरण
२ मे १९७५

चि. चंद्रास, राग धरूनही, आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण लिहायला बसलो की तुला शिव्याच सुचत. माझ्या घरात तू काडी टाकलीस असं वाटे. आता तसं वाटत नाही.

तिनं तेव्हा कॉलेजला पत्र लिहिलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात एवढी वर्षं काढून ठाऊक नव्हतं. तिला जायचंच असतं तर दुसऱ्या दिवशी गेली असती, असं मी मनाशी धरून होतो.

तिला विचारलं, आता मी काय करू. म्हणाली, आता काय करणार. पुन्हा विचारलं तर म्हणाली, भिजवलेले वाल पडलेत, ते सोला. मी वाल सोलले. माणूस रागावलं तर समजूत काढता येते. ही रागावलेलीच नाही. वेळेवर चहा देते, माझं औषध आठवणीनं काढून ठेवते. मला हे सोसत नाही, चंद्रा.

काल तुळशीरामच्या तुळजाच्या हळदीला पोरांनी आग्रह धरला, टांग्याची गोष्ट सांगा. मी म्हणालो, विसरलो. सगळे हसले, म्हणाले, काका म्हातारे झाले. तुझी मामी पलीकडं बायकांत बसली होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ, आणि पुन्हा बोलायला लागली.

त्या पाहण्याचा अर्थ मी काय घ्यायचा? तू बाईमाणूस आहेस. कळत असेल तर कळव, आणि कार्डावर नको, पाकिटातून कळव.

तुझा
मामा