आत्याच्या मशीनचा मेलेला पाच

तीर्थरूप आत्या,

तुझ्या चार भाच्यांपैकी एकुलत्या एक कामाच्या भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. (बाकीच्या तिघींबद्दल तू काय म्हणतेस ते तू मला सांगतेस, आणि माझ्याबद्दल काय म्हणतेस ते त्या तिघी मला सांगतात. कुटुंब म्हणतात ते यालाच.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला जिना चढताना थोडा आणि तू समोर असताना बराच वाढतो हे मागच्या खेपेला पाहिलं, तेव्हा तो अजून आहे असं धरून चालते. माझं ठीक आहे. वजन तेवढं वाढलंय, बाकी आयुष्यात काही वाढलेलं नाही.

तुझं तीन पानी पत्र परवा मिळालं. मशीन सुखरूप पोचलं, जसं दिलं होतं तसंच आलं, "हल्लीच्या वस्तूंना असा जीव नसतो", आणि वर त्याचा बारा वर्षं मेलेला पाच जिवंत करून पाठवल्याबद्दल तू चक्क माझे आभार मानलेस. आत्या, सत्तेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. मी पत्र वाचलं, खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. त्याला उत्तर म्हणून, आणि आठ दिवसांसाठी नेलेल्या मशीनला सात महिने का लागले याचा जबाब म्हणून, हे लिहिते आहे. तोंडी जबाब तू धरत नाहीस हे मला ठाऊक आहे. नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं तू दुसरं केलंस काय?

तुझ्या निरोपाला ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं होतं आणि तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "घड्याळाकडे बघायचे दिवस संपले, मला माझा कीबोर्ड द्या." तेव्हापासून तो खोलीत, खिडकीखाली. अडीच किलोचा, चोर आला तर उचलून डोक्यात घालावा असा. त्यावर तू आजवर पाणीपुरवठ्याला, वीज मंडळाला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना मिळून किती तक्रारी लिहिल्यास त्याची मोजदाद त्यांनीच ठेवलेली बरी. पुढे त्याचा पाचाचा आकडा मेला. आकडा अक्षरात लिहिणं तुला कमीपणाचं वाटतं, म्हणून गेली बारा वर्षं आम्हाला तुझ्याकडून "४ वाजून ६० मिनिटांनी या" अशी बोलावणी येतात, आणि पंप ४+१ दिवस बंद होता ही तुझी तक्रार वाचून पाणीपुरवठ्याच्या माणसाने चार दिवसांची आणि एका दिवसाची अशा दोन वेगळ्या फायली उघडल्या. तो अजून दुसरीचा निकाल लावतो आहे.

तर असं मशीन मी मागितलं. आमच्या साहेबांना (डोअरबेलची आणि मिक्सरची बटणं करून करून कंटाळलेला माणूस) एका सकाळी साक्षात्कार झाला की जगाला जुना खटखट वाजणारा कीबोर्ड हवा आहे. तसाच दिसणारा, तसाच वाजणारा, फक्त नवा. डिझाइन माझ्या गळ्यात पडलं. नमुना कुठून आणायचा, असं साहेब विचारत असताना मी तोंड उघडलं, ही माझी चूक. तू मशीन देताना काय म्हणालीस ते मी अजून झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन: "नेतेस तसंच आण. एक ओरखडा जास्त नको, आणि एक कमीही नको."

आमच्याकडे साचे करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही मिलीमीटर म्हणतो. स्वतःच्या मुलीला स्थळ बघायला गेले तिथे त्यांनी खिशातून कॅलिपर काढून दाराची फट मोजली होती. त्यांनी तुझं मशीन उघडलं. म्हणजे उघडायला घेतलं, आणि आतून पावसाळी छत्रीच्या काड्या मोडाव्यात तसे कडाकड आवाज आले. त्या काळी पत्रा आणि प्लास्टिक जोडायला आत शंभराच्या घरात छोटे प्लास्टिकचे खुंट वितळवून बसवायचे. वयोमानाने ते ठिसूळ झालेले. सगळे तुटले. (तू फोनवर "कुठवर आलं?" असं विचारलंस आणि मी "उघडून झालं" म्हणाले, ते अगदी खरं होतं.) मिलीमीटरनी दोन आठवडे बसून एकेक खुंट नव्याने बसवला आणि जाहीर केलं, "हे शेवटचं. या पत्र्याला आणखी एक बाळंतपण झेपणार नाही." पाच मात्र दुरुस्त करू दिला नाही. मूळ नमुना म्हणजे मूळ नमुना, त्याचं दुखणंही मूळच राहिलं पाहिजे, असा त्यांचा बाणा.

उघडल्यावर कळलं की सगळी जादू एका स्प्रिंगमध्ये आहे. प्रत्येक बटणाखाली एक बारीक उभी स्प्रिंग. दाबत गेलं की ती सहन करते, सहन करते, आणि एका ठरलेल्या क्षणी कंबरेत मोडून खट् करते. (आतोबांमध्ये ही स्प्रिंग बसवलेलीच नाही.) तो क्षण जमवायला आम्हाला तीन महिने लागले. पहिली नक्कल वाजली ती दात नसलेल्या माणसाने शेंगदाणे खावेत तशी. दुसरीत खट् आवाज बोट उचलल्यावर यायचा, सरकारी उत्तरासारखा. सहावी जमली. वजन तेच, आवाज तोच, मागची वायरसुद्धा जुन्या गोल पिनांची. मी आणि मिलीमीटर एकमेकांकडे बघून हसलो. ते हसले की त्यांचा ओठ अडीच मिलीमीटर वर जातो.

पण साहेबांची अट होती. आयुष्य या मशीनवर घालवलेल्या माणसांना फरक कळला, तर कारखाना परत डोअरबेलकडे, आणि मीही. त्यांनी तीन निवृत्त टंकलेखक बोलावले. तिघे आले, चहा प्याले, नव्या पांढऱ्या प्लास्टिककडे दुरून बघितलं आणि हात न लावता म्हणाले, "छे! ती मजा नाही." एक तर म्हणाले, "आवाजच वेगळा आहे." अजून कुणी बटण दाबलेलंही नव्हतं!

तेव्हा मला उमगलं, आत्या, की लोकांना जुना आवाज नकोच असतो, त्यांना जुना रंग हवा असतो. मी आमच्या रंगाऱ्याला बोलावलं आणि म्हटलं, या नव्याला हुबेहूब त्या जुन्या मशीनसारखं कर. गुणी माणूस. खिडकीकडच्या बाजूला ऊन लागून आलेला पिवळेपणा, उजवीकडे तो तुझा चहाच्या कपाचा गोल डाग, लांब बटणावर तुझ्या अंगठ्याने पाडलेला खळगा, सगळं उतरवलं. चहाच्या डागाला एक्केचाळीस कप लागले, कारण त्याच्या घरचा चहा फिका. मी तुला फोन करून चहा पावडर किती चमचे टाकतेस ते विचारलं होतं, आठवतं? त्यावर तू सगळ्या नातेवाइकांना कळवलंस की ही अखेर स्वयंपाक शिकायला लागली. तसं काही नाही. धाकटीने अभिनंदनाला पातेलं पाठवलं, त्यात आम्ही स्प्रिंगा ठेवतो.

मग ती दोन जुळी भावंडं माझ्या टेबलावर शेजारीशेजारी मांडली. मशीनवर चिकटपट्टी लावायला मिलीमीटरनी मनाई केली होती (डिंकाने मूळ नमुन्याचं कातडं निघेल म्हणून), म्हणून टेबलावरच, मशीनखाली झाकल्या जातील अशा दोन चिठ्ठ्या चिकटवल्या: डावीकडे नक्कल, उजवीकडे मूळ. दुसऱ्या दिवशी ते तिघे टंकलेखक पुन्हा आले, आणि या वेळी बोटं मोडून, मानेला झटका देऊन, खाली बसून वाजवायलाच लागले. पाच मिनिटांत तिघांनी एकमताने डावीकडचं मूळ म्हणून उचलून धरलं. एकाचे डोळे भरून आले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, "चुकले ना?" मी म्हटलं, "साफ चुकले." साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मिलीमीटरचा ओठ तीनपर्यंत गेला, आणि मंजुरीवर सही झाली. त्याच संध्याकाळी मी तुझं मशीन कापसात गुंडाळून तुझ्याकडे रवाना केलं. नक्कल आता साहेबांच्या काचेच्या कपाटात आहे.

तर असे सात महिने. आता तुझं तुला मिळालं, आमचं आम्हाला मिळालं. वरच्या बाईंच्या कुंड्यांच्या पाण्याबद्दलची तक्रार मात्र जरा बेताने लिही. त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं की तुमच्या आत्यांच्या घरात शिवणयंत्रं किती आहेत.

आतोबांना नमस्कार, आणि खोकल्याला माझ्यातर्फे ताकीद. तू आहेस तशीच राहा, एक ओरखडा कमी नको.

तुझी,
कामाची भाची

ता. क. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "धुऊनपुसून घेतल्यावर पाच कसा आपोआप चालू झाला बघ, याला म्हणतात जुनं काम." त्याच्याखाली तू मला "रविवारी ५ वाजता ये" असं बोलावलंस. आत्या, पाच आम्ही धुतला नाही, पुसला नाही. पाचाला कुणी हातही लावलेला नाही. मी पुसलं ते टेबल. तिघे येण्याआधी दहा मिनिटं मला ते धुळीने भरलेलं दिसलं, (हा तुझाच गुण माझ्यात उतरलाय), मी दोन्ही मशीनं उचलून खुर्चीवर ठेवली, फडकं मारलं, आणि परत ठेवताना माझ्या लक्षात आलं की माझ्याच्याने कोणतं कुठलं ते सांगवत नाही. साहेब दारात होते, पाच दाबून बघायला सवड नव्हती, आणि नंतर धीर झाला नाही. मी मांडली तशी मांडली. ते तिघे चुकले की बरोबर निघाले, हे त्या वेळी मलाही माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून कळलं. बिचारे अगदी बरोबर होते.

दुसरा ता. क. साहेब कालपासून आरडाओरडा करताहेत की कपाटातल्या नकलेचा पाच चालत नाही. "नवीकोरी वस्तू आणि पाच मेलेला! बाजारात तोंड कसं दाखवायचं?" मी कपाटाची काच पुसायला घेतली. सोमवारी तिची आदळचाचणी आहे, खांद्याच्या उंचीवरून दहा वेळा फरशीवर. म्हणून या सगळ्या पत्राचं सार एवढंच, की रविवारी मी आले की तुझ्याकडचं मशीन काही न विचारता पिशवीत घालून दे, मी गुपचूप कपाटात ठेवीन आणि तुझं खरं तुला आणून देईन. आतोबांना काही सांगू नकोस, ते खोकतील.

तिसरा ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात खालून आवाज आला. साहेबांना धीर धरवला नाही, चाचणी आत्ताच उरकली. दहाच्या दहा वेळा. मी जिन्यावरून धावत गेले तेव्हा नववी चालली होती. आत्या, एक खुंट हलला नाही. फरशीला मात्र चीर गेली. आणि दहाव्या आपटीनंतर पाच चालू झाला. साहेब नाचताहेत. मिलीमीटर फरशीची चीर मोजताहेत. आता दोन्हींचाही पाच चालतो, आणि आदळून तो चालू होत असेल तर वाटेतल्या धक्क्यांनी तुझ्याकडचाही झाला असेल; माझा पुरावाच गेला, त्यामुळे तुझं मशीन कोणतं हे जगात फक्त तुझी बोटं सांगू शकतील. रविवारी मी हे पिशवीत घालून आणते. डोळे मिट, दोन्हींवर एकेक तक्रार लिही आणि सांग. ओळखलंस तर तुझं तुला मिळेल, पण मग साहेबांच्या अटीप्रमाणे आम्ही परत डोअरबेलकडे. नाही ओळखलंस, तर तू आयुष्यभर खिडकीतल्याकडे संशयाने बघत बसशील. साहेबांना कळवायचं की नाही ते आपण दोघी ठरवू. मी ४ वाजून ६० मिनिटांनी पोचते. येताना फडकं आणणार नाही.