लिएनच्या हातची कीमची

हेनाम, २२ नोव्हेंबर

ती. बुन्नेताईस,
ओक्सिमचा सा. न. वि. वि. नमस्कार एका हाताचाच गोड मानून घे, डावा प्लास्टरात आहे. फोनच केला असता, पण तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं घालतेस.

अंगणात कोबीचा डोंगर पडलाय. पुढच्या आठवड्यात वर्षाची कीमची मुरत घालायची आणि माझा हात असा. मसाला त्या त्या घरच्या सुनेनं कालवायचा, ही रीत तू जाणतेसच. पण आमच्या लिएनला व्हिएतनामहून कोरियात सून होऊन येऊन नऊ वर्षं झाली, तरी महिला मंडळाच्या ग्येसुकबाई तिला कोबी धुवायलाच बसवतात. हाताची चव रक्तातून येते म्हणतात, तेही अगदी गोड हसून. लिएनही हसते. मसाला मीच कालवत होते, म्हणून मीही गप्प बसले.

काल मात्र सुआनं विचारलं, की आजी, मी अर्धी आईची ना, मग मोठी झाले की मीही धुवायलाच बसायचं का? लिएननं ते ऐकलं. जेवताना ती माझ्या मुलाला म्हणाली, सुआला घेऊन शहरात राहायला जाऊ. ताई, पोर गेली तर मी या घरात काय करू?

लोभ असावा, उपदेश कमी असला तरी चालेल.
तुझी,
ओक्सिम


इन्छॉन, २६ नोव्हेंबर

चि. ओक्सिमला अ. उ. आ., त्यातले थोडे प्लास्टरला.

पडलीस कशी ते लिहिलंच नाहीस. झाडावर चढली असशील. वयाला शोभेल असं एक तरी काम करत जा.

सुआचं बोलणं मनावर घेऊ नकोस. वंशभेद वगैरे आता राहिलाय कुठे? आमच्याच इमारतीत एक उझबेक कुटुंब आहे, लिफ्टमध्ये मी त्यांच्याशी बोलते. ग्येसुकही वाईट नाही. लिएनच्या लग्नात रेशमी रजई तिनंच दिली होती. धुतलं काय नि कालवलं काय, खाणार सगळेच. यंदा ग्येसुकलाच कालवू दे आणि माझा डबा नेहमीसारखा पाठव.

माया आहेच, ती काय लिहायची.
बुन्ने


हेनाम, ८ डिसेंबर

ती. ताईस सा. न. उपदेश मिळाला, ऐकला नाही.

यंदा मसाल्याला लिएन बसेल, असं ग्येसुकबाईंना सांगितलं. त्या हसल्या. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले, आणि दुखणं असं साथीचं की मागोमाग सगळं मंडळ घरी गेलं. उरलो आम्ही तिघी. सुआ कोपरापर्यंत लाल झाली होती. फार मजा आली.

आता खरं सांगते. कीमची खारट झालीय. सगळं गाव बघतंय या धास्तीनं लिएननं मीठ दोनदा घातलं. रक्तातच नाही तर हातात कुठून येणार, असं आता चावडीवर चाललंय. लिएननं बॅगा बाहेर काढल्यात. तुझा डबा रवाना केलाय. ती तुझा शब्द मानते, तेव्हा जपून लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ओक्सिम


इन्छॉन, १३ डिसेंबर

चि. ओक्सिमला अ. उ. आ.

भरपूर पाणी पिऊन लिहायला बसलेय. इतकी खारट कीमची जन्मात दुसऱ्यांदाच खाल्ली. पहिली तू नवी नवरी होतीस तेव्हाची. तुझे सासरे हिवाळाभर पाणी पीत होते. सासूनं तुला गावादेखत फैलावर घेतलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मसाल्यालाच बसवलं. तुझ्या रक्ताचं नाव कुणी काढलं नाही.

लिफ्टमधलं बोलणं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. त्या उझबेक बाईला आजवर घरात एकदाही बोलावलेलं नाही. लिएनलाही आपण गोड बोलूनच बाहेर ठेवलं. मला लाज वाटतेय गं.

तेव्हा जपून वगैरे मी लिहिणार नाही. हे तिला वाचून दाखव. लिएन, कीमची खारट आहे. मधे मधे मुळ्याच्या फोडी खोच, मीठ ओढून घेतील. बॅगा माळ्यावर टाक. पुढच्या वर्षी मी तुझ्या शेजारी येऊन बसणार आहे, आणि मीठ पुन्हा जास्त पडलं तर गावादेखत तुला रागावणार आहे. या घरच्या सुनेला तेवढा मान मिळालाच पाहिजे.

तुम्हा तिघींची,
बुन्ने