पिंपावरचं आकाश

पेण, गुरुवार, १३ फेब्रुवारी १९९७

मेधाचं आकाश अखेर जुळलं. माझी ही पुतणी मुंबईत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. खेळातला गडी जागच्या जागी गर्रकन फिरला, तरी भोवतालचं आकाश सलग दिसायला हवं. हिने रंगवलेल्या लांब पट्टीची टोकं जोडली की मधे उभी भेग! सोमवारी साहेबांना दाखवायचं, नाहीतर काम दुसऱ्याकडे. काम घेऊन माझ्याकडे आल्यापासून दोन दिवस पोरगी धड जेवली नाही.

आणि मी काय केलं? आकाश अखंड असतं, हे शास्त्राधारे समजावलं. "मग काका, शास्त्रालाच सांगा ना ढग जुळवायला."

आज तिला हमरापूरला नेलं, सुलभाताईंकडे. त्यांची हयात गणपती रंगवण्यात गेली. पट्टी पाहून हसल्या. "आधी टोकं जोड गो, मग रंगव. शेल्याची किनार पाठीमागं जुळाय नको? आम्ही मूर्ती फिरवीतच रंगवतो." रिकाम्या पिंपाला कोरा कागद गुंडाळून टोकं चिकटवली. ताई पिंप फिरवत राहिल्या, मेधा ढग काढत राहिली. सुरुवात कुठली, शेवट कुठला, मलाही कळेना. "आता काप कुठूनबी. जुळतंय." कापलं. जुळलं!

आभार मानले तर म्हणाल्या, "भाऊ, आभार पेपरात छापा." मी बातमीदार खरा, पण 'हमरापुरात आकाश जुळले' अशी बातमी पाठवली, तर संपादक माझ्या प्रकृतीची चौकशी करतील. म्हणून इथेच लिहितो: सुलभाताई, त्या पिंपासकट तुम्हाला नमस्कार.

मेधा आत जेवते आहे. आत्ताच तिसरी भाकरी मागितली.