अष्टमीचं पाणी

मानपाडा, डोंबिवली पूर्व
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. प्राप्ती हिस काकूचे अ. उ. आ.

त्या दिवशी नळाला पाणी लवकर आलं होतं. मी दोन्ही पिंपं भरली, कणीक मळून झाकून ठेवली, वाल सोलायला बसले, आणि ह्यांनी आतून सांगितलं की आता आवाज नको, धडा सुरू होतोय. मग मी कुकर उतरवला, पंखा बंद केला, वरच्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांच्या सुनेला सांगून आले की अर्धा तास मिक्सर लावू नकोस. अशी ती सकाळ. तेव्हा रोजच तशी असायची, त्यामुळे तिचं काही विशेष वाटलं नाही.

परवा तू फोनवर विचारलंस की काकांचे हे धडे इंटरनेटवर कुठून आले, आणि मला बोलता आलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. फोनवर मला शब्द सापडत नाहीत, कागदावर सापडतात. माझी शाळा सातवीपर्यंतच. पुढचं सगळं मी तुझ्या काकांची पाठ्यपुस्तकं आणि भाजीच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. हे पेपर तपासायचे, मी शेजारी बसून वाचायचे.

लॉकडाऊनमध्ये ह्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जायचा. ठरल्या वेळी तास घेऊन उपयोग नव्हता. म्हणून ह्यांनी धडे करून इंटरनेटवर ठेवले. ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा त्याने बघावं. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मिळून एक्केचाळीस धडे. फोन मी खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधायचे. शेवटचा धडा मिठागराचा, वर लिहिली त्या सकाळचा. त्यानंतर सोळा दिवसांनी हे गेले, ते तुला माहीतच आहे.

मी ते धडे नंतर कधी लावले नाहीत.

तू शाळेत असताना इतिहासात काठावर पास व्हायचीस. आता तोच विषय शिकवतेस म्हटल्यावर हे पोट धरून हसले असते. विठ्ठल भाऊजींना आणि तुझ्या आईला नमस्कार सांग. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी
काकू


वागळे इस्टेट, ठाणे
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

ती. काकूस, शि. सा. न. वि. वि.

आई म्हणते, काकूच्या नावाआधी आता गं. भा. लिहायचं असतं. मी लिहिणार नाही, तिला काय म्हणायचं ते म्हणू दे. काकांच्या नावाने शेवटपर्यंत ‘ती. काकूस’च लिहीन.

पत्र वाचलं आणि दोन दिवस शाळेत नीट लक्ष लागलं नाही. तुला सगळं नीट सांगते. आमच्या मुख्याध्यापिका जागृती मॅडमनी मला एक काम दिलंय. सामाजिक शास्त्रं शिकवायला इंटरनेटवर जे चांगलं साहित्य आहे, व्हिडिओ, नकाशे, चित्रं, त्याची पाचवी ते आठवीसाठी यादी करायची. महिनाअखेरीस ती आमच्या केंद्रातल्या अकरा शाळांना जाणार. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. काकू, तीन आठवडे झाले. मराठीत शोधावं तर धडा नुसता वाचून दाखवणारे. नकाशा सापडला तर त्यात आपली ठाण्याची खाडी म्हणजे एक निळी रेघ. मिठागर म्हणून शोधलं की गुजरातचं वाळवंट येतं, आणि मध्येच जाहिरात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं खाडीकाठची. त्यांना वाळवंट दाखवू?

त्यातच एका दुपारी तुमच्या घरातली हिरवी भिंत दिसली आणि भिंतीपुढे काका. एकशे चार जणांनी पाहिलेला धडा. मी स्टाफरूममध्ये होते, बाहेर जाऊन उभी राहिले.

नकाशावाचनाचे तीन धडे मी सहावीला दाखवले. पोरं गप्प बसून बघतात, असं माझ्या तासाला कधी होत नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी लगेच पकडली. दोन-तीन वाक्यं झाली की काका थांबतात, कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी बघतात आणि मग पुढे बोलतात. वर्गात अंदाज चाललेत, की सरांच्या भिंतीवर पाल होती. ते काय बघायचे गं?

मिठागराचा धडा आधी न बघता ठेवलाय, वर्गाबरोबरच बघणार. माझ्या यादीत तो सगळ्यात वर असेल, खाली काकांचं नाव.

आज नारळी पौर्णिमा. तुझ्या माहेरची आठवण येत असेल. गुडघ्यांना तेल लावतेस ना? माया आहे, ती कमी करू नकोस.

तुझीच
प्राप्ती


मानपाडा
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

चि. प्राप्तीस अ. उ. आ.

पाल नव्हती. मी होते.

ह्यांना रिकाम्या खोलीत शिकवता येईना. पहिल्या धड्याला चार वेळा सुरुवात करून सोडून दिलं. म्हणाले, समोर तोंड असल्याशिवाय कळलं की नाही ते कसं समजणार. तेव्हापासून मी फोनच्या मागे उभी राहायचे. हे बोलायचे, थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मला समजलं की मी मान डोलवायची, मग पुढचं वाक्य. समजलं नाही किंवा काही चुकलं तर मी नाही म्हणून मान हलवायची आणि हे सगळा धडा पहिल्यापासून करायचे. मधून जोडायचं त्यांना पटत नसे. वर्गात मी मधलं पुसून टाकू शकतो का, म्हणायचे. एकदा नाशिकच्या धड्याला मी तीनदा नाही म्हटलं, तर जेवणाला दोन वाजले आणि तुझे काका माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. घाटावरचा मास्तर आणि मिठागरवाल्याची पोर, आमचं लग्न तुमच्या घरी कोणाला पसंत नव्हतं. पण शिकवताना त्यांना माझंच तोंड लागायचं.

आता एक सांगते ते ऐक. मिठागराचा धडा दाखवू नकोस. यादीतही घालू नकोस. त्या दिवशी ह्यांना ताप होता, आवाज बसला होता, खोकला मध्ये मध्ये येतो. पोरांना कळणार नाही. बाकीचे चाळीस आहेत, ते पुरेत.

एवढं माझं ऐक. गुडघे बरे आहेत. आठवण ठेव, आणि राग धरू नकोस.

काकू


ठाणे
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

ती. काकूस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मंगळवारी मिळालं. मध्ये सुट्ट्या आल्या, त्यात अडकलं असेल. धडा मी सोमवारीच दाखवला होता.

तू म्हणतेस तसा आवाज वगैरे कोणालाच खटकला नाही. बांध कसा घालतात, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं फिरवतात, मिठाचा पहिला पापुद्रा धरला की माणसं अनवाणी का चालतात, इतकं कुठल्याच व्हिडिओत नाही. मग काका म्हणाले की अष्टमीला उधाण येतं, तेव्हा खाडीचं पाणी मिठागरात घेतात, आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी कमी असतं. तेवढ्यात अक्षदा उभी राहिली. कोळीवाड्यातली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. म्हणाली, टीचर, शनिवारी गोकुळाष्टमी झाली, मी आजोबांबरोबर खाडीवर गेलेली, पाणी धक्क्याच्या खालीच होतं. सर उलटं सांगतात.

काकू, मला आवडलं नाही. मी तिला म्हटलं, सरांनी तीस वर्षं शिकवलंय, खाली बस. ती बसली. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, पोपटराव, शाळेत आले. भांडले नाहीत. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या नातीला खोटी पाडू नका, त्या मास्तरांनी खाडी पाहिलेली दिसत नाही. जागृती मॅडमनी पुस्तक उघडून बघितलं. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच. इतिहासाबरोबर मी भूगोलही शिकवते, आणि काका बोलतायत म्हणून मी ते तपासलंसुद्धा नाही.

मॅडम म्हणतात, धडा यादीतून काढ. आणि एकात चूक आहे तर बाकीच्या चाळिसांची काय खात्री, तेही सगळे काढ. पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे एकोणतीस तारखेपर्यंत, काय ते कळव म्हणाल्या. काकांचं नाव मी माझ्या हाताने कसं खोडू? ते असं कसं चुकले? तू समोर होतीस ना?

उत्तर लवकर दे. तुझ्या मायेवर हक्क आहे म्हणून विचारते.

प्राप्ती


मानपाडा
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

चि. प्राप्तीस अ. उ. आ.

होय, मी समोर होते.

माझे वडील मिठागरावर होते. अमावास्या-पुनवेला उधाणाचं पाणी घ्यायचं, अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी भरतीचं पाणी, ते उघाडीपर्यंत, खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारापर्यंत, पोचतही नाही, हे मी चालायला शिकले तेव्हापासून मला माहीत आहे. तो धडा ह्यांनी माझ्यासाठी केला होता. पुस्तकात मिठागराच्या चारच ओळी आहेत, तुझ्या बापाच्या कामाला चार ओळी पुरत नाहीत, म्हणाले. आठवडाभर मला विचारून विचारून टिपणं काढली. टिपणात सगळं बरोबर होतं. ती वही माझ्याकडे आहे.

त्या सकाळी अंगात एकशे एक ताप. मी नको म्हटलं, पण मुलं वाट बघतात, म्हणाले. बोलता बोलता अष्टमी आणि अमावास्या उलट झाली. तापात होतं. मग हे थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हटलं असतं तर पहिल्यापासून सुरू केलं असतं. भिंतीला धरून उभे होते. मला त्यांना पाठ टेकायला लावायची होती. मी मान डोलावली.

हे पुढे बोलले. माझ्यावर विश्वास ठेवून पुढे बोलले.

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी धाप लागली. मग हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे मला आत सोडत नव्हते. नर्सबाईंच्या फोनवर दोनदा दिसले, तोंडावर मास्क. तेव्हा काय सांगायचं, तुमची अष्टमी चुकली म्हणून? चार वर्षं झाली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना माझी मान आपोआप नाही म्हणून हलते. शेजारणीला वाटतं, वयामुळे.

तुला मी आवाजाचं आणि खोकल्याचं खोटं कारण दिलं. धडा कोणी बघू नये, एवढंच मला हवं होतं. ह्यांचं नाव जपते असं स्वतःला सांगत होते, पण जपत होते मी स्वतःला. आणि त्यापायी एका बरोबर बोलणाऱ्या मुलीला खाली बसावं लागलं. तू बसवलंस, पण माझ्यामुळे.

मॅडमना सांग की चाळीस धड्यांत मी खरी मान डोलावली आहे. त्यांना पटत नसेल तर टिपणांच्या वह्या घेऊन जा, एकेक ताडून बघू देत. मिठागराचा धडा ठेवायचा की काढायचा ते त्यांनी ठरवावं. ठेवला तर त्याच्याखाली लिहा की अमुक वाक्य चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचं बायकोला तेव्हाच माहीत होतं. माझं नाव घाला. काढला तरी मी कोणाला दोष देणार नाही.

रागावली असशील तर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी
काकू

ता. क. शनिवार, २३ ऑगस्ट. काल पत्र लिहून झालं, पण पेटीत टाकलं नाही. असं लिहून मोकळं होणं मला बरं वाटेना. म्हणून आज सकाळची कामं उरकून मी ठाण्याला गेले आणि कोळीवाड्यात विचारत विचारत पोपटरावांच्या घरी पोचले. अमावास्या असल्याने दुपारी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. ते जाळं शिवत बसले होते, अक्षदा शेजारी. मी कोणाची कोण ते सांगितलं आणि तुला वर लिहिलंय ते सगळं त्यांना तोंडाने सांगितलं. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, “तापलेल्या माणसाला कोण टोकतंय, बाई. मी पण नसता टोकला.” मी त्यासाठी गेले नव्हते, पण ऐकून घेतलं. अक्षदाची भूगोलाची वही मागून घेतली. तिने सरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्याच्यावर काट मारली, खाली बरोबर काय ते लिहिलं आणि माझी सही केली.