थॉर्गिल्सची नक्कल

२० जानेवारी
टोपी भुवयांपर्यंत ओढून, गुडघे वाकवून मी थॉर्गिल्ससारखी हॉलभर चालत होते. मेजवानीच्या समितीतले सगळे हसत होते.
ऑड्नी म्हणाली, "पुरे गं. यंदा तो नको."
का, ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक. आमच्या पलीकडचं आपलं शेत त्यानं डोंगरासकट परदेशी माणसाला विकलं. आइसलँडच्या जुन्या गाथांमध्ये नाव असलेलं शेत! वसंतापर्यंत राहायची मुभा आहे, मग शहरात.

२३ जानेवारी
थोरीच्या, म्हणजे भर हिवाळ्यातल्या जुन्या महिन्याच्या मेजवानीत वर्षभराच्या फजित्यांची नक्कल होते, खोऱ्यातलं कुणी सुटत नाही. गेल्या वर्षी माझा ट्रॅक्टर नदीत गेला — माझीच नक्कल झाली. रडले. पण घरी येताना खूश होते, आपल्यातली धरलं म्हणून.
थॉर्गिल्सवर लिहून पाहिलं. विनोद होईना. शिवीच होते.

२६ जानेवारी
पोहायच्या तलावाशेजारी, गरम पाण्याच्या कुंडात भेटला.
"काय, यंदा माझी काय वाट लावणार?"
"बघाच."
"नाक मोठं करा हं. मागच्या खेपेला फारच लहान होतं."

३० जानेवारी
ठरलं. त्याला वगळलं. "दुखवायला नको," ऑड्नी म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.
झोप नाही. दुखवायला नको — खोटं! मला राग आहे. आइसलँडचा डोंगर विकतो कसा कुणी? त्याच्या कुंपणापाशी आले की मी गाडीचा वेग वाढवते.

३ फेब्रुवारी
झाली मेजवानी. तो पहिल्या रांगेत, लग्नातला कोट घालून. आंबवलेला शार्क, मेंढीची डोकी, शहाजिऱ्याची दारू. पाद्रीबाईंची नक्कल झाली, माझ्या नवऱ्याची झाली, ऑड्नीच्या कुत्र्याचीसुद्धा. दर खेपेला थॉर्गिल्स खुर्चीत पुढे सरकायचा.
शेवटचं गाणं सुरू झालं. तो उठला.
"संपलं?"
"संपलं," मी म्हटलं.
"कुत्र्याला धरलंत, आणि मला नाही?"
मागे कुणीतरी हसलं.
"बसा ना, थॉर्गिल्स —"
"शिव्या घालायच्या होत्यास गं. त्याच ऐकायला आलो होतो."
त्याच्या ताटातलं सगळं तसंच होतं.

४ फेब्रुवारी
सकाळी बर्फ. थॉर्गिल्सनं नेहमीसारखी ट्रॅक्टरनं आमची वाट मोकळी करून दिली. मी कॉफीला हाक मारली. नको म्हणाला. इंग्रजीत, परक्याशी बोलावं तसं.