भाड्याचे साथीदार

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. राकी पिणं बंद, हाही निर्णय आजचाच.

काल कुमकापीत मासळीच्या हॉटेलात टेबलांमधून क्लॅरिनेट वाजवत हिंडत होतो (मालकाच्या आग्रहाखातर, नाहीतर मी टेबलांमधून हिंडत नाही). तिथे देफ्ने नावाच्या एक बाई भेटल्या. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहेत. पाचशे वर्षांपूर्वीचं इस्तंबूल उभं करताहेत आणि त्यात रस्त्यावर नाचणारे-वाजवणारे रोमान, म्हणजे आम्ही जिप्सी लोक, हवेत. म्हणाल्या, गेममध्ये तुम्ही नायकाचे साथीदार. साथीदार हा शब्द त्यांचा, माझा नाही. मी लगेच शब्द दिला की मी वाजवीन आणि माझी मुलगी येशिम नाचेल.

सेविमला सांगितलं. तिने भांडी विसळताना विचारलं, त्यांनी तुझं नाव तरी विचारलं का? बायको म्हणून जन्मभर हेच. बुरहान उस्तादला नाव विचारायची पाळी कुणावर येईल?

रात्री थोडी राकी. आनंदाच्या दिवशी मोजत नाहीत.

५ मार्च
पुढचं सगळं ठरवून टाकलं. गेम येईल, नाव होईल, मग येशिमसाठी चांगल्या घरातला मुलगा आपण होऊन चालत येईल. व्हायोलिनवाल्याचा, नाहीतर निदान कानून हे तारांचं वाद्य वाजवणाऱ्याचा.

सध्या तिच्याभोवती शाबानचा मुलगा घोटाळतो. शाबान खालच्या गल्लीतला, झुर्नावाला. झुर्ना ही वस्तू सनईसारखी दिसते, पण कानाशी वैर असल्यासारखी वाजते. मुलगा एर्कान ढोल बडवतो. रमजानात पहाटे लोकांना झोपेतून उठवत फिरतात ते हेच बापलेक. आम्ही नाजूक सुरांच्या वाद्यांची माणसं. सूट घालून, बसून, छपराखाली वाजवतो. ते उभ्याने, उघड्यावर, वराती आणि कुस्त्यांमध्ये. त्यांच्यात मुलगी द्यायची म्हणजे नाक कापून हातात देणं. येशिमला हे शांतपणे समजावलं. शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या, पण शांतपणेच.

१९ मार्च
कंपनीत जाऊन आलो. अंगाला चिकटणारा काळा पोशाख घालायला दिला, त्यावर पांढरे गोळे; त्यांवरून कॅमेरे माणसाची हालचाल टिपून गेममध्ये घालतात म्हणे. अशा पोशाखात पोट दिसतं. ते पोशाखाचं काम आहे, पोटाचं नाही.

क्लॅरिनेट काढलं तर देफ्नेबाई म्हणाल्या, उस्ताद, पाचशे वर्षांपूर्वी हे नव्हतं, नंतर बाहेरून आलं. मी म्हणालो, माझ्या आजोबांचे आजोबासुद्धा क्लॅरिनेटच वाजवायचे, त्याच्या आधी काय आम्ही शिट्ट्या मारत होतो? त्या म्हणाल्या, तेव्हा रस्त्यावर झुर्ना आणि ढोल असायचे, तुम्हाला झुर्ना येते का?

मला. झुर्ना.

मग मी बोललो. हात वर करून, छातीवर मारून, दाराकडे बोट दाखवून. माझ्या तोंडासमोर ही वस्तू कुणी धरली नाही, धरायची कुणाची बिशाद नाही, वगैरे. खूप मुद्देसूद झालं. सगळे कॅमेरे माझ्याकडे वळलेले आणि चालू होते, यावरून काय ते कळावं. येशिम कोपऱ्यात उभी राहून जमिनीकडे बघत होती. अभिमानाने पोरीची मान वर होईना.

२४ मार्च
देफ्नेबाईंचा फोन नाही. विचार करत असतील. एवढं ऐकल्यावर माणसाला वेळ लागतोच.

२६ मार्च
झुर्ना आणली. कुणाला सांगायचं नाही. झुर्नावाला होण्यासाठी नाही, हलक्या वाद्यातली त्रुटी अधिकाराने दाखवता यावी म्हणून.

खिडक्या लावून फुंकली. गाल दुखले, डोळ्यांपुढे काजवे. वरच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यातून ओरडली, कुणाचं गाढव आहे, पाणी पाजा त्याला. सेविम हसून हसून मोरीत जाऊन बसली. वस्तूच खराब निघाली. परत केली. राकी उद्यापासून बंद.

२ एप्रिल
पाठीत सुरा. काय झालं ते फक्त लिहून ठेवतो, संतापत नाही.

कंपनीने येशिमला फोन केला. कुणी झुर्नावाला माहीत आहे का, म्हणून. हिने शाबानचा नंबर दिला. काल शाबान, एर्कान आणि माझी मुलगी, तिघं जाऊन दिवसभर काम करून आले. वर शाबानने निरोप पाठवला: बुरहानभाऊ, तुझ्या पोरीनं सगळ्यांना गार केलं, एकदा ये, चहा घेऊ. चहा घेऊ म्हणे. उद्या म्हणेल, व्याही होऊ.

येशिमला विचारलं, ढोल हवा की बाप हवा. ती म्हणाली, बाबा, तुम्ही असं विचारू नका. म्हणजे बाप. तिला बोलता येत नाही, मला समजतं.

६ मे
काल हिदिरेल्लेझ. सगळी गल्ली आगीवरून उड्या मारत होती. मी मारली नाही, गुडघा. वसंताच्या सणाला ढोल-झुर्ना लागते, त्यामुळे शाबानचं कुटुंब आमच्याच आगीपाशी.

सकाळी येशिमचं अंथरूण रिकामं. एर्कानबरोबर गेली. सेविमला माहीत होतं. मला म्हणाली, तू हो म्हणाला असतास तर दारातून गेली असती.

९ मे
दोघं आले. पळून गेलेली मुलं तिसऱ्या दिवशी हाताचं चुंबन घ्यायला येतात, बाप दार उघडतो, थोडं ओरडतो, मग सगळे जेवतात. रीत आहे. पण पहिल्या खेपेला दार उघडलं तर बापाला किंमत काय राहते? पोरं रिकाम्या हाताने परत जातात, मग चार वडीलधारी घेऊन येतात, बाप नाही नाही म्हणतो आणि शेवटी उघडतो. माझ्या बाबतीत तसं व्हायला हवं.

म्हणून मी दाराच्या आतल्या बाजूला उभा राहिलो. येशिम बाहेरून म्हणाली, बाबा, फक्त हात द्या, आत येत नाही आम्ही. मी खोकलोसुद्धा नाही. सेविम कडीकडे आली, तिला डोळ्यांनी थांबवलं. बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली.

उत्तम झालं. आता वडीलधाऱ्यांसाठी चांगला सूट इस्त्री करून ठेवायला सांगितलाय.

१६ मे
आले नाहीत. वडीलधारी जमवायला वेळ लागतो.

१ जून
सूट घालून बसलो होतो. शाबानच्या गल्लीतून झुर्नाचा आवाज आला. लग्न होतं. सेविम सकाळीच निघून गेली होती, निळा पोशाख घालून. मी खिडकी लावून घेतली. त्या वस्तूचा आवाज खिडकी मानत नाही.

राकी बंद करण्यात आता अर्थ नाही.

१४ नोव्हेंबर, पुढचं वर्ष
मध्ये लिहिलं नाही. कामात होतो. कुमकापीच्या हॉटेलात आता स्पीकर लावलाय, त्यामुळे सवड मिळाली.

गेम आला. इंटरनेट कॅफेवाल्या हिकमेतने बोलावून दाखवला. हुबेहूब जुनं शहर, गर्दी. नाक्यावर झुर्ना, ढोल आणि नाचणाऱ्या तिघी. चेहरे भलत्याच कुणाचे. पण मधलीचा डावा खांदा आधी हलला, येशिमचा हलतो तसा, आणि बाकीची ती मागून हलली. मी खुर्ची ओढून पडद्याजवळ बसलो.

हिकमेतने समजावलं. नायकाने नाणी टाकली की ही मंडळी भाड्याने मिळतात. पहारेकऱ्यांपुढे नाचून त्यांना गुंतवतात, तेवढ्यात नायक मागून निघून जातो. साथीदार म्हणजे हे. मी म्हणालो, मला आधीपासूनच संशय होता.

मग पुढच्या चौकात एक पोट सुटलेला माणूस दिसला. हात वर करतो, छाती बडवतो, दाराकडे बोट दाखवतो, पुन्हा हात वर. नुसती गर्दी भरायला ठेवलाय, त्याला भाड्यानेही घेता येत नाही. हिकमेत म्हणाला, हा येडा कोण कुणास ठाऊक, येणारी सगळी गिऱ्हाइकं आधी त्याला ढकलून बघतात. मी म्हणालो, फारच अतिशयोक्त केलाय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगितला.

२० नोव्हेंबर
रोज जातो. शास्त्रीय चुका काढायला. हिकमेतला सांगतो, मधलीला घे. नाणी टाकली की ती नाचते आणि मागोमाग चालते, मग काम झालं की नाक्यावर परत जाते.

सेविम म्हणाली, नातू झालाय, शाबानच्या घरी आहे, चालत दोन गल्ल्या. मी म्हणालो, आधी वडीलधारी येऊ देत.

२७ नोव्हेंबर
आज हिकमेतला म्हणालो, त्यांना भाड्याने घे आणि त्या चौकातून ने, त्या माणसाच्या समोरून. तो कुरकुरला, मग नेलं. माणूस हात वर करून ओरडतच होता. झुर्नावाला गेला, ढोलवाला गेला. ती आली. त्याला वळसा घालून सरळ पुढे गेली, मान वळली नाही.

हिकमेतला विचारलं, तिने बघितलं का नाही? तो म्हणाला, उस्ताद, त्यांना फक्त भाड्याने घेणारा दिसतो, बाकीचे सगळे वाटेतले खांब.

आणखी एकदा ने म्हणालो. त्याने नेलं.